झाडाची वाटणी

साफूच्या त्या झाडाचा खटला
मुखियापुढे तीन वर्षं पडून होता.
झाड बापाचं, बाप मातीखाली.
थोरला ओवोना म्हणे, बुंधा माझ्या हद्दीत.
धाकटा झांबो म्हणे, फांद्या माझ्या छपरावर,
आणि रात्री पत्र्यावर फळं कुणाच्या पडतात
ते माझ्या बायकोला विचारा.

एयेंगाची रोपवाटिका मिशनच्या शाळेमागे.
कमरेला सुतळीनं बांधलेली सुरी.
ती म्हणाली, करवतीशिवाय वाटून देते.

मी तेव्हा तिच्याकडे नवी.
शिडी धरायची, मागेल ते वर द्यायचं.
साठीची बाई, चपला खाली सोडून
माकडासारखी चढली.
अंगठ्याएवढी फांदी बघून
दोन बोटं रुंद साल गोल सोलली,
आतला बुळबुळीत थर सुरीच्या पाठीनं खरवडला.
"हा राहिला, तर फांदी स्वतःला शिवून घेते.
मग मूळ कशाला फोडेल?"
कुजका भुसा, ओढ्याकाठची माती,
वर काळं प्लास्टिक, दोन्ही टोकांना गाठी.

अशा बारा गुट्या.
झाड मारामारीतून घरी आल्यासारखं दिसत होतं.

भाऊ रोज खालून मोजायचे,
एक सकाळी, एक संध्याकाळी.

चार महिन्यांनी सोडल्या तेव्हा
सातांत मुंग्या आणि काळं पाणी.
पाचांत मुळं, पांढरी, आंधळी,
प्लास्टिकला आतून चाचपणारी.
दोन तुला, दोन तुला.
पाचवी एयेंगानं ठेवून घेतली, वाटपाची मजुरी.

रोपं गुडघ्याएवढी.
पण तिसऱ्याच वर्षी फळली, निळीजांभळी,
तीच बापाच्या झाडाची आंबट चव,
निखाऱ्यावर ठेवली की लोणी होणारी.
एवढंसं पोर आणि मिशी फुटलेली,
बायका बघायला यायच्या, हसायच्या.
फक्त वाढत होती ती आडवी.
ओवोनानं बांबूचे टेकू दिले, तरी आडवी.
तो तक्रार घेऊन आला,
माझी दोन्ही त्याच्या घराकडे झुकतात.
एयेंगानं मान वर केली नाही.
"त्या फांद्या आहेत.
आता तुम्ही झाडं आहात
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही."

त्या मार्चात वादळ आलं.
बापाचं झाड झांबोच्या छपरावर गेलं,
फांद्यांसकट, हद्दीसकट.
करवत शेवटी लागलीच.
गुडघ्याएवढा खुंट उरला,
त्यावर कुणी हक्क सांगितला नाही.

दोन महिन्यांनी खुंटाच्या पायथ्याशी धुमारे.
तांबूस, लवदार, ताठ.
एयेंगा उकिडवी बसली, हात लावला नाही.
"झाड शेंड्याकडे म्हातारं होत जातं," मला म्हणाली,
"त्याचं बालपण खाली तसंच पडून असतं.
कुणीतरी कापावं लागतं, तेव्हा आठवतं."

त्याच्या काड्या केल्या, वीतभर.
पेटीत वाळू, खाली खडी आणि पाणी,
वर पारदर्शक झाकण, आतून घामेजलेलं.
प्रत्येक पान मधून अर्धं कापलं,
कारण मूळ नसताना
अख्ख्या पानाची तहान परवडत नाही.

ओवोना पेटीपाशी येऊन उभा राहिला.
"केव्हा फळतील?"
"आठ वर्षं. दहाही."
तो एकाहत्तरचा. बोटांवर मोजायला लागला,
मध्येच थांबला.
"सरळ वाढतील?"
"सरळ."
"मग चार दे. त्यातली दोन तिकडे नेऊन ठेव.
मी दिली म्हणू नकोस."

मी नेली.
झांबो पत्रे ठोकत होता, खाली उतरला.
कुणी दिली, विचारलं नाही.
एक पान बोटांत धरून
कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, दोनदा,
आणि म्हणाला,
"ह्याचं उरलेलं अर्धं
त्याच्याकडे आहे का?"